एक गाणं आवडलं, आता बँड गाठायचा कसा?

रीलच्या मागे, कॅफेमध्ये किंवा मालिकेची नामावली सरकत असताना एखादं गाणं कानावर पडतं आणि दिवसभर डोक्यातून जात नाही. पुढचं बहुतेकांच्या बाबतीत ठरलेलं असतं. गाणं प्लेलिस्टमध्ये जातं, काही दिवस सतत वाजतं, मग त्याचा वीट येतो, आणि सहा महिन्यांनी कुणी बँडचं नाव विचारलं तर आठवत नाही. इंडी रॉकच्या, म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेरच्या रॉक बँडच्या बाबतीत हे जरा जास्तच होतं, कारण या बँडना सिनेमाचाही आधार नसतो आणि होर्डिंगचाही. गाणं हाती लागल्यावर काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि वाट कुठे चुकते, ते इथे सांगितलं आहे.

उदाहरणाला एकच गाणं धरू: वेट लेग या ब्रिटिश बँडचं 'शेज लाँग'. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या रिअन टीझडेल आणि हेस्टर चेंबर्स या दोघींनी सुरू केलेला हा बँड. जून २०२१ मध्ये हे त्यांचं पहिलंच गाणं आलं, म्हणजे तेव्हा ज्यांना ते आवडलं त्यांच्या हातात खरोखरच एकच गाणं होतं. एप्रिल २०२२ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनच्या अल्बम विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना दोन ग्रॅमी मिळाली, त्यातलं एक याच गाण्याला. तुमचं गाणं दुसरं असेल. पायऱ्या याच.

आधी नाव पक्कं करा

शझाम हे ॲप सगळ्यांना माहीत असतं, पण ते काय ओळखतं हे फारसं कुणी बघत नाही. ते चाल ओळखत नाही, ध्वनिमुद्रण ओळखतं. त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा एक ठसा त्याच्याकडे साठवलेला असतो आणि तुमच्या फोनने ऐकलेला तुकडा त्याच्याशी जुळतो का, एवढंच ते पाहतं. त्यामुळे मैफलीतलं वादन, दुसऱ्याने गायलेली आवृत्ती आणि वेग वाढवलेली रील या तिन्ही ठिकाणी ते हात टेकतं किंवा भलतंच नाव सांगतं. नेट नसेल तरी बटण दाबा. तुकडा साठवला जातो आणि नेट आल्यावर उत्तर मिळतं.

चालच आठवत असेल तर गूगलच्या ॲपमध्ये माइकचं बटण दाबून दहा-पंधरा सेकंद गुणगुणा. शब्द आठवत असतील तर पाच-सहा शब्दांची सलग ओळ अवतरणचिन्हात घालून शोधा. 'लव्ह' आणि 'नाइट' असे सुटे शब्द टाकून काहीही हाती लागत नाही.

वेग वाढवलेल्या गाण्यांचा एक घोळ आहे. रीलवाले वेग वाढवतात तेव्हा बहुतेक वेळा सूरही वर जातो, गाणाऱ्याचा आवाज बारीक होतो. यूट्यूबवर वेग कमी करून ते मूळ गाण्यासारखं होत नाही, कारण यूट्यूब फक्त लय संथ करतं, सूर आहे तिथेच ठेवतं. अशा वेळी रीलच्या खालच्या कॉमेंट धुंडाळणं हाच जवळचा रस्ता. कुणीतरी आधीच विचारलेलं असतं आणि कुणीतरी उत्तरही दिलेलं असतं.

नाव मिळालं की ते बरोबर आहे ना, हे तपासा. एकाच नावाचे दोन-तीन बँड असणं अगदी नेहमीचं आहे आणि स्ट्रीमिंगच्या ॲपवर त्यांची गाणी एकमेकांच्या पानांवर जाऊन पडतात. इंडी रॉक ऐकताना मध्येच त्याच बँडचा ब्राझिलियन टेक्नो अल्बम दिसला तर बँडने वळण घेतलंय असं समजू नका. अल्बमवरचं लेबल (म्हणजे तो काढणाऱ्या कंपनीचं नाव) आणि साल पाहा, लगेच कळतं. सर्वात भरवशाचं पान बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा इन्स्टाग्राम खात्यावरून दिलेल्या दुव्याचं.

आणि बँड खरा आहे का, हेही बघावं लागतं, असे दिवस आले आहेत. जून २०२५ मध्ये 'द व्हेल्व्हेट सनडाउन' नावाचा बँड अचानक स्पॉटिफायवर अवतरला, त्याला लाखो श्रोते मिळाले, आणि जुलैमध्ये त्यांच्या पानावरच कबुली आली की हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने केलेला प्रकल्प आहे. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. वादकांची नावं कुठेच नाहीत, प्रेक्षकाने फोनवर काढलेला एकही व्हिडिओ नाही, सेटलिस्ट डॉट एफएमवर एकाही कार्यक्रमाची नोंद नाही, आणि महिन्याभरात दोन अल्बम. यातली एखादी गोष्ट अगदी नव्या बँडच्या बाबतीतही खरी असू शकते. चारही एकत्र दिसल्या तर मात्र समजून जा.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका

ही सूचना नेहमी हसण्यावारी नेली जाते. बेस गिटारच्या सर्वात जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा इवलासा स्पीकर दोनशेच्या खाली जवळजवळ मुका असतो. तुम्हाला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे पडसाद, मूळ सूर नव्हे. आता 'शेज लाँग'ची सुरुवात घ्या: ड्रम आणि बेस यांच्यावरच गाणं उभं राहतं आणि त्यावर टीझडेल गात नाही, सरळ बोलते, तेही चेहऱ्यावरची रेषा न हलवता बोलल्यासारखं. फोनवर हे गाणं ऐकलं तर 'एक मुलगी काहीतरी बडबडतेय' एवढंच पदरात पडतं. तारेचे साधे, पाचशे रुपयांतले इअरफोन लावले तरी बेस समोर येतो आणि गाणं नेमकं कशावर चाललंय ते कळतं.

मग तेच गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा काहीही न शोधता. दुसऱ्यांदा फक्त बेस धरून, कारण इंडी रॉकमध्ये गिटार किती वाजतेय यापेक्षा ती कधी थांबते आणि बेसला जागा देते यात बरीच गंमत असते. तिसऱ्यांदा ड्रम. एक-दोन-तीन-चार मोजा, स्नेअर या खणखणीत वाजणाऱ्या ड्रमचा ठोका बहुतेक वेळा दोन आणि चारवर पडतो. गझल किंवा नाट्यसंगीत ऐकणाऱ्या कानाला समेची सवय असते, त्यामुळे जोर एकवर न पडता दोनवर पडला की सुरुवातीला उलटं वाटतं. ती सवय दोन दिवसांत जाते.

लय कशी वापरली जाते हे ऐकायचं असेल तर ग्लासगोच्या फ्रांझ फर्डिनांडचं २००४ मधलं 'टेक मी आउट' लावा. पहिलं मिनिट संपता संपता अख्खं गाणं चक्क संथ होतं आणि तिथून दुसऱ्याच चालीवर पुढे जातं. रेडिओवर गाजलेल्या गाण्यात असं सहसा कुणी करत नाही. हा बँडही डॉमिनो या लेबलचा आणि वेट लेगही डॉमिनोचाच. लेबलकडे पुढे येऊच.

बोलल्यासारखं गाणं ही वेट लेगने काढलेली टूम नाही. मँचेस्टरच्या 'द फॉल'चा मार्क ई. स्मिथ १९७६ पासून हेच करत होता. 'शेज लाँग' आलं त्याच वर्षी लंडनच्या ड्राय क्लीनिंगचा पहिला अल्बम 'न्यू लाँग लेग' आला. त्यात फ्लॉरेन्स शॉ पूर्ण अल्बमभर जवळजवळ बोलतेच. तुम्हाला पहिल्या गाण्यात नेमका हा बोलका आवाज आवडला असेल तर तुमची वाट ड्राय क्लीनिंग, लीड्सचा यार्ड ॲक्ट, नॉटिंगहॅमचे स्लीफर्ड मॉड्स अशी जाईल. बेस आणि ड्रमची घट्ट वीण आवडली असेल तर वाट निराळी. म्हणून आपल्याला काय आवडलं हे एका वाक्यात कुठेतरी लिहून ठेवा. 'मस्त आहे' चालणार नाही. 'कडव्यात गिटार नाही आणि धृपदाला ती एकदम अंगावर येते' असं काहीतरी पाहिजे. पुढचा शोध या वाक्यावर चालतो.

क्रेडिट्स: खरा खजिना इथे आहे

नवखे लोक बँडच्या पानावरून थेट 'तुम्हाला हेही आवडेल' या यादीत उडी मारतात. ती यादी ऐकणाऱ्यांच्या सवयींवरून बनते, म्हणजे जे आधीच लोकप्रिय आहे तेच पुन्हा समोर येतं. क्रेडिट्समध्ये, म्हणजे गाण्याच्या श्रेयनामावलीत, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत प्रत्यक्ष कोण बसलं होतं हे लिहिलेलं असतं. तिथून सुरुवात करा.

स्पॉटिफायवर गाण्याच्या शेजारच्या तीन टिंबांवर टिचकी मारली की क्रेडिट्सचा पर्याय येतो. ते अपुरे असतात, बऱ्याचदा गीतकार आणि निर्माता एवढंच. पूर्ण माहितीसाठी डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर अल्बम शोधा. तिथे रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेली नावं लोकांनी उतरवून ठेवलेली असतात. तीन नावं टिपा: निर्माता (ध्वनिमुद्रण घडवून आणणारा), मिक्सिंग करणारा (वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवणारा) आणि स्टुडिओ. मास्टरिंग करणाऱ्याचं, म्हणजे शेवटचा हात फिरवणाऱ्याचं नाव सोडून दिलंत तरी चालेल, तो महिन्याला ढीगभर बँडचं काम करतो आणि त्यावरून चव कळत नाही.

वेट लेगच्या पहिल्या अल्बमच्या बहुतांश भागाचा निर्माता डॅन केरी. आता त्या नावावर टिचकी मारा आणि काय सापडतं पाहा. डब्लिनच्या फॉन्टेन्स डी.सी.चा पहिला अल्बम 'डॉगरेल', २०१९. त्याच वर्षीचा ब्लॅक मिडीचा 'श्लागेनहाइम'. २०२१ मधला स्क्विडचा 'ब्राइट ग्रीन फील्ड', ज्यात ड्रम वाजवणाराच मुख्य गायक आहे. शिवाय केरीचं स्वतःचं छोटं लेबल आहे, स्पीडी वंडरग्राउंड. तिथला शिरस्ता असा की बँडने यायचं आणि एका दिवसात एक गाणं ध्वनिमुद्रित करायचं. त्याची सात इंची तबकडी मोजक्याच प्रतींत निघते. ब्लॅक मिडीची सुरुवात तिथूनच झाली, आणि ब्लॅक कंट्री, न्यू रोडचीही. म्हणजे एका गाण्याच्या क्रेडिट्समधल्या एका नावावरून दक्षिण लंडनचं एक आख्खं वर्तुळ हाती लागलं, आणि त्यात शिफारस करणारं कुठलंही यंत्र आलं नाही.

हे सगळे बँड एकसारखे वाजतात का? अजिबात नाही. ब्लॅक मिडी काहींना पहिल्या दोन मिनिटांत डोकेदुखी वाटेल. पण वाद्यं जवळून, कोरडी ऐकू येणं आणि बँड एकाच खोलीत एकत्र वाजवतोय असं वाटणं या गोष्टी सगळीकडे सापडतील.

हा धागा कधी कधी भलतीकडेही नेतो. काइली मिनोगचं २००३ मधलं 'स्लो' हे गाणं लिहिणाऱ्यांमध्येही डॅन केरीचं नाव आहे. इंडी रॉकशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण ऐका जरूर. किती कमी वाद्यांवर ते गाणं उभं आहे ते बघण्यासारखं आहे.

निर्माता बदलला की काय होतं, हेही क्रेडिट्सच सांगतात. फॉन्टेन्सचे पहिले तीन अल्बम केरीकडे झाले. २०२४ मधला चौथा, 'रोमान्स', जेम्स फोर्डकडे झाला. हा आर्क्टिक मंकीजबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. 'डॉगरेल' आणि 'रोमान्स' यांची पहिली दोन-दोन गाणी पाठोपाठ ऐकली की निर्माता नेमकं काय करतो हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारावा लागत नाही.

क्रम पाळा

स्ट्रीमिंगचं पान सर्वाधिक ऐकलेली पाच गाणी वर ठेवतं. ती ऐकू नका, निदान आधी तरी नको. 'डिस्कोग्राफी' उघडून तळाशी जा आणि जुन्याकडून नव्याकडे या. नव्या बँडचा माल फार नसतो. साधारणपणे आधी सुटी गाणी येतात, मग चार ते सहा गाण्यांचा ईपी, मग दहा-बारा गाण्यांचा अल्बम. वेट लेगच्या पहिल्या अल्बममध्ये बारा गाणी आहेत, पण त्यातली 'शेज लाँग', 'वेट ड्रीम', 'टू लेट नाउ' यांसारखी बरीच आधीच सुटी आलेली होती.

इथे गोंधळ होतो तो असा. हल्ली नवं सुटं गाणं काढताना त्याच्या मागे आधीची दोन-तीन गाणी जोडून ते एकत्र प्रसिद्ध करतात, म्हणजे नव्या गाण्याबरोबर जुन्यांनाही ऐकणारे मिळत राहतात. पान पाहणाऱ्याला वाटतं बँडची वीस गाणी आहेत. मोजायला बसलं तर सात भरतात. नावं टिपून घ्या, पुनरावृत्ती गाळा, आणि 'डिलक्स', 'रेडिओ एडिट', 'रीमिक्स' लिहिलेलं सगळं पहिल्या फेरीत बाजूला ठेवा.

अल्बम शफलवर, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करून ऐकणं ही सर्वात सर्रास होणारी चूक. फोनवरच्या ॲपमध्ये ते बटण कुणीतरी आधीच चालू करून ठेवलेलं असतं, बंद आहे ना ते बघा. नवी गाणी जगभर शुक्रवारी प्रसिद्ध होतात. जुलै २०१५ पासून हा वार सगळीकडे एकच आहे. आवडत्या बँडचं काही येणार असेल तर आपल्याकडे गुरुवारी मध्यरात्री बारा वाजता बघायचं.

चार गाण्यांची परीक्षा

बँडमध्ये दम आहे की एकच गाणं लागलंय, हे ठरवायला अख्खा अल्बम लागत नाही. चार गोष्टी ऐका: ज्या गाण्यामुळे तुम्ही इथे आलात ते, अल्बमच्या उत्तरार्धातलं सर्वात कमी ऐकलं गेलेलं एक, सापडेल तितकं जुनं एक, आणि पहिल्याच गाण्याचं थेट वादन. बाकीची तीन चांगली पण थेट वादन ढिसाळ असेल तर बँड नवा आहे, थांबा. उलट थेट वादन जबरदस्त आणि अल्बम मिळमिळीत असेल तर बँड चांगला आहे आणि निर्माता चुकीचा मिळालाय. असे बँड लक्षात ठेवावेत.

थेट वादनासाठी बँडच्या नावापुढे 'केईएक्सपी' लिहून यूट्यूबवर शोधा. सिएटलचं हे बिगरव्यावसायिक रेडिओ केंद्र आहे. त्यांच्या स्टुडिओत बँड साधारण चार गाणी वाजवतो आणि मध्ये गप्पा होतात. ध्वनिमुद्रण इतकं स्वच्छ असतं की कोणती गिटार कुणाच्या हातात आहे हे ऐकूनही ओळखता येतं. अमेरिकेच्या एनपीआर रेडिओचं 'टायनी डेस्क' २००८ पासून चालू आहे. तिथे कचेरीतल्या एका टेबलामागे बँड दाटीवाटीने उभा राहतो आणि गाणाऱ्याचा आवाज भोंग्यावरून मोठा केला जात नाही. त्यामुळे ड्रमवाल्याला हात आवरून वाजवावं लागतं. मोठ्या आवाजामागे लपणारे बँड इथे उघडे पडतात.

त्यानंतर प्रेक्षकाने फोनवर काढलेला एक तरी व्हिडिओ बघा. आवाज फाटका असेल, पण गाण्यांच्या मध्ये बँड काय करतो, लोक कधी उड्या मारतात आणि कधी बिअर आणायला जातात, ते दिसतं.

'इंडी' म्हणजे काय, आणि त्यावरून होणारी भांडणं

मूळ अर्थ धंद्यातला आहे. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्र लेबलवर निघालेलं संगीत. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसनवारी करून आपला 'स्पायरल स्क्रॅच' हा चार गाण्यांचा ईपी स्वतःच काढला आणि मोठ्या कंपनीवाचून तबकडी निघू शकते हे बाकीच्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी बेलफास्टमधल्या टेरी हूलीच्या गुड व्हायब्रेशन्स या छोट्या लेबलने डेरीच्या अंडरटोन्सचं 'टीनेज किक्स' काढलं. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील यांनी ते लागोपाठ दोनदा वाजवलं, आणि ते कानावर पडल्यावर अमेरिकेच्या सायर लेबलने बँडला करारबद्ध केलं. एका गाण्याने बँडचं नशीब कसं पालटतं याचं याहून चोख उदाहरण मिळणार नाही.

आज 'इंडी' हा बऱ्याचदा नुसता आवाजाचा प्रकार असतो. द लास्ट डिनर पार्टी या बँडचं एप्रिल २०२३ मधलं पहिलं गाणं 'नथिंग मॅटर्स' आयलंड या लेबलवर आलं आणि आयलंड युनिव्हर्सलचं. लगेच ओरड झाली की हा कंपनीने पेरलेला बँड आहे. वेट लेगवरही हाच आरोप झाला, पहिल्याच गाण्याला डॉमिनोसारखं वजनदार लेबल कसं, म्हणून. असा वाद दिसला तर तारखा बघा. लास्ट डिनर पार्टी लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या विंडमिल या छोट्या पबमध्ये वाजवत असल्याचे व्हिडिओ त्या गाण्याच्या आधीचे आहेत. टीझडेल आणि चेंबर्स याही वेट लेगच्या आधी बेटावर बरीच वर्षं गात-वाजवत होत्या. कंपनीने पैसा ओतला असेल, तो ओततेच, पण हवेतून बँड निर्माण केला नव्हता.

नवशिक्यासाठी लेबलचा उपयोग वेगळाच आहे. डॉमिनो, रफ ट्रेड, फोर एडी, मॅटाडोर, सब पॉप, पार्टिझन यांची एकेकाची यादी उघडा आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच करारबद्ध केलेली नावं तेवढी काढा. लेबलवाले वर्षाला फार थोडे नवे बँड घेतात, म्हणजे चाळणी तुमच्या वतीने आधीच लागलेली असते.

यंत्रापेक्षा माणसांच्या मागे लागा

केईएक्सपीचं प्रक्षेपण जगात कुठेही फुकट ऐकता येतं, आणि मागच्या दोन आठवड्यांचे कार्यक्रमही. सिएटल आपल्या साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा, म्हणून त्यांचा सकाळचा कार्यक्रम म्हणजे आपली संध्याकाळ-रात्र. वाजलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद त्यांच्या पानावर लगोलग दिसते आणि निवेदक तिथे दोन ओळींची टीपही लिहितात. स्वयंपाक करताना लावून ठेवा आणि कान टवकारले की वेळ पाहून नाव टिपा.

बँडकॅम्प या, बँड आपली गाणी थेट श्रोत्यांना विकतात त्या संकेतस्थळावर आणखी एक युक्ती आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या ज्याने अल्बमखाली दोन ओळी लिहिल्या असतील त्याच्या चित्रावर टिचकी मारा आणि त्याने आणखी काय पैसे देऊन घेतलंय ते बघा. फुकट ऐकलेल्या हजार गाण्यांपेक्षा विकत घेतलेले चाळीस अल्बम माणसाची चव नेमकी सांगतात. पाच जणांचे संग्रह चाळले आणि त्यातला एकच बँड तिघांकडे दिसला तर तो आज रात्री ऐकायचा.

पैसे कुठे द्यायचे

स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळाही ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत; २०२४ पासूनचा हा नियम. नव्या बँडला त्यामुळे एक अल्बम विकला जाणं हे शेकडो वेळा ऐकलं जाण्यापेक्षा मोलाचं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण पंधरा टक्के घेतं, आणि बँडकॅम्प फ्रायडे म्हणून ठरवलेल्या शुक्रवारी तेही सोडून देतं. ही प्रथा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. विकत घेतलं की फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) किंवा ३२० केबीपीएसचा एमपी-थ्री उतरवून घ्या, नाहीतर ॲपवरच ऐकत राहाल आणि फाइल घ्यायची राहून जाईल.

भारतातलं कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, लहानशी मर्यादा घाला, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. तबकडी परदेशातून मागवताना मात्र टपालखर्च आधी बघा. तो तबकडीच्या किमतीएवढा होतो, वर सीमाशुल्क. पहिल्या खरेदीला डिजिटलच बरं.

प्रत्यक्ष ऐकायचं तर

बाहेरचे बँड आपल्याकडे क्वचित येतात, पण येतात. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ च्या पहिल्या लोलापलूझा महोत्सवाला द स्ट्रोक्स वाजवून गेले. महोत्सवाचं पोस्टर नेहमी खालून वर वाचा. तळाच्या दोन ओळींत, बारीक अक्षरात, दुपारी तीन-चारची वेळ मिळालेले जे बँड असतात तेच तुमचे. त्या वेळी गर्दी नसते, पुढच्या कठड्याला टेकून ऐकता येतं.

आणि हीच सगळी पद्धत आपल्या इथल्या बँडनाही लागू पडते. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग को. या बँडचं 'फ्लोटेड बाय' हे गाणं घ्या. त्याचा व्हिडिओ गायक सूर्यकांत सॉनी यांच्या खऱ्याखुऱ्या लग्नातला आहे. तिथून २०१९ चा 'बिस्मिल्लाह' आणि मग २०२४ चा 'बीटा' असा क्रम लावा. पुण्याचे ईझी वॉन्डरलिंग्ज, कोचीचे व्हेन चाय मेट टोस्ट यांच्याकडेही असंच जाता येईल. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एनएच-सेव्हन वीकेंडर या महोत्सवाची जुनी पोस्टरं शोधून त्यातली नावं एकेक करून ऐकली तरी दोन महिने पुरतील.

छोट्या ठिकाणी जाताना तिकिटावर लिहिलेली वेळ दार उघडण्याची असते, वादनाची नव्हे. तरीही वेळेवर जा, कारण आधी वाजवणारा बँड मुख्य बँडनेच बहुतेकदा निवडलेला असतो, म्हणजे ती आणखी एक शिफारस झाली. मोकळ्या मैदानावर रात्री दहाला भोंगे बंद करावेच लागतात, म्हणून तिथले कार्यक्रम दहाच्या आत आटोपतात. साडेनऊला पोचणाऱ्याच्या वाट्याला शेवटची दोन-चार गाणी येतात. मुंबईतल्या धोबीतलावच्या रंगभवनात कित्येक वर्षं रॉकचे कार्यक्रम झाले आणि शांतता क्षेत्राच्या नियमांपायी ते थांबले, तेव्हा आवाजाचे नियम आपल्याकडे कागदावरच राहतात असं समजू नये.

कानांसाठी फोमचे बोळे खिशात ठेवा, औषधांच्या दुकानात मिळतात. १०० डेसिबलला सुरक्षित मर्यादा जेमतेम पंधरा मिनिटांची मानली जाते आणि छोट्या हॉलमध्ये ड्रमजवळ आवाज सहज तिथवर जातो. बोळा बोटांत लाटून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवला तर काही उपयोग नाही. वादन संपल्यावर टी-शर्टच्या टेबलापाशी जा. छोट्या बँडचे वादक बऱ्याचदा स्वतःच तिथे उभे असतात आणि पैसे यूपीआयने घेतात. हे गाणं कुठे ध्वनिमुद्रित केलं आणि सध्या तुम्ही कुणाला ऐकताय, एवढे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येतील ती नावं तिथेच फोनमध्ये टिपून घ्या.